शंका असू दे, हिशेब मांड

नाशिक
रविवार

प्रिय बाळ,


गच्चीवर सोलर बसवायचं आणि पेट्रोलची गाडी देऊन विजेवरची घ्यायची, हे तुझ्या आणि जावईबापूंच्या मनात आहे. तुझ्या सासऱ्यांना, अण्णांना ते पटत नाही, आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. फोनवर तू चिडलेली होतीस. माझं पहिलं सांगणं हेच, की अण्णांवर चिडू नकोस. कऱ्हाडातलं ते घर त्यांनी पै-पै जोडून बांधलंय. ज्यानं आयुष्यभर हिशेबानं खर्च केला, तो माणूस सोलरचा साडेतीन लाखांचा आकडा ऐकून प्रश्न विचारणारच. त्यांच्या शंका तू सांगितल्यास तशा मी कागदावर उतरवून घेतल्या. काही शंकांना नीट उत्तर आहे, काहींना अर्धंच आहे, आणि दोन-तीन ठिकाणी अण्णांचंच बरोबर आहे.

वीज मंडळात उपकेंद्रावर नोकरी करताना एक गोष्ट माझ्या अंगात मुरली. विजेबद्दल मत देण्याआधी मीटर वाचावा. सोलरच्या बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही सहसा दुसऱ्याच्या घराचा हिशेब सांगत असतात. तुम्हाला तुमचा मांडायचाय.

तो मांडायला मागच्या बारा महिन्यांची बिलं काढ. एका महिन्याच्या बिलावरून काही कळत नाही, कारण मे महिन्यातलं कऱ्हाड आणि डिसेंबरातलं कऱ्हाड यांचा वापर वेगळा असतो. तू म्हणालीस त्यावरून तुमचा वापर महिन्याला २५० युनिटच्या आसपास आहे. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, आणि त्यापुढे. शंभरानंतरचं युनिट शंभराच्या आतल्या युनिटाच्या जवळजवळ दुप्पट पडतं, आणि तीनशेच्या पुढे ते आणखी चढतं. म्हणजे सोलरनं वाचणारं पहिलं युनिट तुमचं सगळ्यात महागडं युनिट असतं. ज्या घराचा वापर महिन्याला ८०-९० युनिट आहे, त्याला मी सोलरची घाई करायला सांगणार नाही. त्याचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातील. तुमचं तसं नाही.

आपल्याकडे एक किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज देतं. त्याला सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. नुसतं घर चालवायला तुम्हाला दोन किलोवॅट पुरेल. पण गाडीही विजेवर आणायची असेल, तर हिशेब एकत्रच करावा लागतो. बहुतेक घरं नेमकं हेच करत नाहीत. आधी छोटं सोलर बसवतात, वर्षभरात गाडी घेतात, आणि मग बिल पुन्हा का वाढलं म्हणून गोंधळतात.

जावईबापू रोज साताऱ्याला कारखान्यात जाऊन-येऊन शंभर किलोमीटर करतात. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर २,४०० किलोमीटर झाले. गाडी लिटरला सोळा देत असेल तर १५० लिटर पेट्रोल लागतं, आणि १०४ रुपये दर धरला तर त्याचे १५,६०० रुपये होतात. विजेवरची मध्यम गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधली गळती धरून महिन्याला ३७५ युनिट लागतील. तुझी स्कूटर विजेवरची झाली तर तिला वीसही लागणार नाहीत. ही सगळी वीज खांबावरूनच घेतली, तर तुम्ही वरच्या टप्प्यांत जाल आणि गाड्यांपायी बिल सहा-सात हजारांनी वाढेल. ते पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच आहे. पण हीच वीज गच्चीवर तयार झाली तर बचत खरी मोठी होते. घराचे २५० आणि गाड्यांचे ३९५ मिळून ६४५ युनिट होतात. त्याला साडेपाच किलोवॅटच्या आतबाहेर, म्हणजे मोठ्या आकाराचे दहा पॅनेल लागतील. जागा साडेपाचशे चौरस फूट. शेजारच्या नारळाची सावली हिवाळ्यात कुठवर येते, ते सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन बघ. एका पॅनेलवर पडलेली सावली सगळ्या रांगेची वीज कमी करू शकते.

आता सरकारी मदतीबद्दल. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, अशी ७८,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तीनच्या पुढे किती का बसवा, रक्कम तेवढीच राहते. तिसऱ्या किलोवॅटनंतरचा खर्च पूर्णपणे तुमचा, हे अण्णांना आधीच सांग. ही रक्कम काम पूर्ण होऊन मीटर बसल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे “सबसिडी आम्हीच घेतो, तुम्ही फक्त सह्या करा” असं म्हणणाऱ्याला चहा देऊन निरोप द्यायचा. सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुनं कोटेशन हातात असेल तर नवं मागून घ्या.

अण्णांची पहिली शंका पावसाळ्याची. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं, ही शंका खरी आहे. त्यासाठीच नेट मीटर असतो. उन्हाळ्यात तुम्ही खांबावर चढवलेली जास्तीची युनिटं तुमच्या नावावर जमा राहतात आणि पावसाळ्यात वळती होतात. हा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. तोवर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुमच्या खरेदीच्या दराच्या मानानं फार कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून वीज विकायची स्वप्नं बघू नका. शिवाय ऊन कडक म्हणून वीज जास्त, असंही नसतं. पॅनेल तापलं की त्याची क्षमता घसरते. फेब्रुवारी-मार्चचं स्वच्छ, कमी तापलेलं ऊन त्याला मानवतं.

दुसरी शंका: “लाईट गेल्यावर तरी सोलर चालेल ना?” नाही चालणार. साध्या, खांबाला जोडलेल्या सोलरचा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून बंद होतो, आणि ते योग्यच आहे. लाइनमन डीपी बंद करून खांबावर चढलेला असतो. त्या वेळी एखाद्या घरातून उलटी वीज तारेत आली तर त्याचा जीव जाईल. या कामात माणसं दगावलेली मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या घरी आत्ता जो छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी आहेत, ते तसेच ठेवा. दिवे, पंखे आणि वाय-फाय त्यावर चालतील. सगळं घर बॅटरीवर चालवणारी यंत्रणा आज घेतली तर खर्च बराच वाढेल, आणि कऱ्हाडात त्याची गरज दिसत नाही.

तिसरी शंका स्लॅबची, आणि इथे अण्णा अगदी बरोबर आहेत. गळक्या गच्चीवर सोलर बसवू नये. एकदा स्ट्रक्चर उभं राहिलं की खालचं वॉटरप्रूफिंग करायला ते सगळं काढावं लागतं. कोब्याला भेगा असतील तर आधी ते काम करून घ्या. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोकं पाडून बसवण्यापेक्षा सिमेंटच्या ठोकळ्यांवर घ्यायला सांगा, पण त्या ठोकळ्यांचं वजन आणि वाऱ्याचा जोर यांचा हिशेब लेखी मागा. लोखंड गरम जस्ताच्या लेपाचं हवं. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं. ठेकेदार पैसे वाचवतो तो इथेच, कारण मातीत गाडलेलं कुणी उकरून बघत नाही. तू बघ. खड्डा खणताना तिथे उभी राहा.

ठेकेदार निवडताना तो योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते तपासा. सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचेच पॅनेल लागतात, म्हणून पॅनेलचे क्रमांक बिलावर लिहून घ्या. पॅनेलची उत्पादनहमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल, तो खर्च आत्ताच हिशेबात धरा. “बिल शून्य येईल” असं जो सांगेल, त्याला स्थिर आकाराबद्दल विचारा. तो द्यावाच लागतो. नेट मीटरचे नियमही कायमचे नसतात. ते वीज नियामक आयोगाच्या आदेशातून समजून घ्या, विक्रेत्याच्या फोनवरून नको. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेचा वेगळा अभ्यास लागत नाही, अशी दुरुस्ती २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत झालीये. मंजूर भार मात्र तुमच्या बिलावर किती लिहिलाय ते बघून ठेव.

आता गाडीकडे येऊ. अण्णांनी आगीचा विषय काढला, तो बातम्या वाचूनच. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरनं पेट घेतला, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. त्यामुळे त्याआधीची जुनी स्कूटर स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका. लोहफॉस्फेट प्रकारची बॅटरी उष्णता जास्त सोसते, तिला प्राधान्य द्या. आणि घरातल्या धोक्याकडे लक्ष द्या, कारण तो तुमच्या हातात आहे. गाडीचा साधा चार्जर पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासन्‌तास पूर्ण भार ओढतो. तुमच्या रोजच्या शंभर किलोमीटरसाठी पाच-साडेपाच तास. घराचं वायरिंग जुनं आहे, ते गीझरच्या दहा मिनिटांसाठी केलेलं. मीटरपासून थेट चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी आणि गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावायची नाही, पाहुण्यांची सुद्धा नाही.

बॅटरी किती टिकेल, हा अण्णांचा सगळ्यात चांगला प्रश्न. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तेवढी हमी देतात. विक्रेता आठ वर्षांवर बोट ठेवतो. तुम्ही वर्षाला जवळजवळ २९,००० किलोमीटर चालवणार, म्हणजे तुमची हमी साडेपाच वर्षांतच संपेल. हे अण्णांना तूच आधी सांग. मग त्याच साडेपाच वर्षांत पेट्रोलचे दहा लाखांच्या वर रुपये लागले असते, तेही सांग. विजेची गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाखांनी महाग असली तरी या रोजच्या फेरीत ते पैसे भरून निघतात. जी गाडी महिन्याला चारशे किलोमीटर चालते, तिच्या बाबतीत मी असं म्हणणार नाही. तिला तिचं आयुष्य पूर्ण जगू द्यावं. चांगली चालणारी गाडी भंगारात काढून नवी घेण्यात पर्यावरणाचं भलं होत नाही.

लांबच्या प्रवासाची अडचण खरी आहे, तिला तयारी लागते. जाहिरातीतला पल्ला पंचवीस-तीस टक्क्यांनी कमी धरा. कऱ्हाडहून पुणं १६० किलोमीटर. वाटेतला खंबाटकीचा घाट चढताना बॅटरी भरभर उतरते, उतरताना थोडी परत भरते. गाडी घेण्याआधी एक दिवस चाचणीला मागा आणि कऱ्हाड-सातारा-कऱ्हाड हीच फेरी एसी लावून करा. शोरूमभोवतीच्या चकरेनं काही कळत नाही.

राहिली ती शंका, जिच्यावर अण्णा आणि तू सगळ्यात जास्त भांडलात: “वीज तर कोळशाचीच, मग धूर नुसता चंद्रपूरला नेऊन ठेवायचा!” बाळ, यात तथ्य आहे. देशातल्या विजेच्या एका युनिटामागे सरासरी पाऊण किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमच्या गाडीच्या ३७५ युनिटांचा तो २६०-२७० किलो होतो. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो धरला तर १५० लिटरचा ३४५ किलो. फरक आहे, पण तो एवढाच, आणि तारेतली गळती धरली तर आणखी कमी. गाडीची बॅटरी बनवताना झालेला धूर वेगळा. खांबावरच्या विजेची गाडी घेऊन आपण फार मोठं काही केलं असं मानायचं कारण नाही. तीच वीज गच्चीवर तयार झाली की हिशेब पार बदलतो. म्हणून मी दोन्हींचा हिशेब एकत्र करायला सांगते, आणि कामं आधी गच्ची, मग गाडी, या क्रमानं.

आणि चंद्रपूरचं नाव निघालंच आहे, तर मनातलं सांगते. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्य सरकारच्या मालकीच्या केंद्रांमधलं सगळ्यात मोठं. त्याची वीज आपण सगळ्यांनी वापरली. तिथली राख, खाणींची धूळ आणि तिथला उन्हाळा मात्र तिथल्या माणसांच्या वाट्याला आला. तुमच्या जवळची कोयनाही तशीच. शिवसागराच्या पाण्याखाली पाटण-जावळीतली गावं गेली. तिथली कुटुंबं कुणी सोलापुरात, कुणी ठाणे-रायगडात जाऊन राहिली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांनाही पुरले. कोयना नको होती, असं मी म्हणत नाही. तिच्यावर महाराष्ट्र उभा राहिला. पण आपल्या घरातल्या प्रत्येक दिव्याची किंमत कुठेतरी कुणीतरी दिली आहे, हे मी नोकरीभर पाहिलं. गच्चीवरच्या विजेसाठी कुणाचं गाव उठत नाही. तिची जागा आपली, खर्च आपला, आणि सांभाळायचं कामही आपलं. ज्या घराला परवडतं, त्यानं आपल्या विजेचा एवढा भार स्वतः उचलावा, असं मला मनापासून वाटतं. पॅनेल आणि बॅटऱ्याही एक दिवस कचरा होतील. त्यांची विल्हेवाट उत्पादकावर टाकणारे नियम २०२२ मध्ये झालेत. म्हणून बिलं आणि हमीची कागदपत्रं जपून ठेवा, आणि निकामी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका.

एक खरी मर्यादाही सांगते. तुमचं सोलर दिवसा वीज करेल आणि जावईबापूंची गाडी रात्री चार्ज होईल. दिवसाची तुमची वीज शेजाऱ्यांच्या घरी जाईल, रात्री गाडीत येईल ती कोयनेची किंवा कोळशाची. वर्षाच्या हिशेबात ते जमतं, पण ग्रिडवर रात्रीचा ताण पडतोच. म्हणून सुट्टीच्या दिवशी गाडी दुपारी लावा, आणि साताऱ्याच्या कारखान्यात दिवसा चार्जिंगची सोय होते का, हे जावईबापूंना विचारायला सांग. शेडवर सोलर असलेल्या कारखान्यांना हे सहज जमण्यासारखं आहे.

अण्णांना पटवायला माझं पत्र पुरणार नाही. त्यांना पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला घेऊन जा. ते राज्यातलं पहिलं सौरग्राम. साधारण शंभर उंबऱ्यांचं गाव, तुमच्यापासून सकाळी निघून जेवायला घरी परत येता येईल एवढं जवळ. ऑगस्ट २०२४ पासून गावातली घरं आणि सार्वजनिक वापर सोलरवर आहे. तू तिथे गप्प राहा. अण्णांना तिथल्या माणसांशी बोलू दे. पावसात काय होतं, धूळ कोण पुसतं, तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी येतो, हे त्यांना विचारू दे. त्यांच्या वयाच्या माणसानं दिलेलं उत्तर त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त खरं वाटेल, आणि वाटावंच.

मग पुढचा क्रम असा. या महिन्यात बिलं, गच्ची आणि वायरिंग तपासा. जुना फ्रीज किंवा पंखे जास्त वीज खात असतील तर ते आधी बदला, कारण वाचवलेल्या युनिटाला पॅनेल लागत नाही. नंतर तुझी स्कूटर विजेवरची घ्या. त्यात पैसे कमी गुंततात, आणि घराला चार्जिंगची सवय लागते. अण्णांनाही मंडईत जायला ती चालवू दे. पावसाळ्याआधी गच्चीचं काम आणि त्यानंतर सोलर. सोलरचं एक वर्ष बघा, पावसाळ्यातलं सुद्धा. सध्याची गाडी विकायची वेळ येईल तेव्हा विजेवरची घ्या. शेवटच्या टप्प्यावर थांबावंसं वाटलं तर थांबा, आधीचं काही वाया जाणार नाही. फक्त इन्व्हर्टर आणि स्ट्रक्चर पुढे पॅनेल वाढवता येतील असे घ्या.

आणि पॅनेल धुवायचे ते सकाळी लवकर, साध्या पाण्यानं. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

बिलांचे आणि गच्चीचे फोटो पाठव. दोन-तीन कोटेशनं आली की तीही पाठव, मी ओळ न् ओळ वाचून खुणा करून देते. तो कागद अण्णांच्या हातात दे, आणि पुढचे प्रश्न त्यांना थेट मला विचारू दे. ठेकेदाराशी बोलणी मात्र त्यांनाच करू देत. त्यांच्याइतका बारकाईनं करार वाचणारा माणूस तुमच्या घरात दुसरा नाही.

अण्णांना आणि वहिनींना माझा नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी